आजीची एकादशी

आजी गेली त्या दिवशी २५ ऑक्टोबर २०१२ तारीख होती. गुरुवार, दुपारची वेळ. वाडीतल्या बाकीच्या घरांच्या दारांना आदल्या दिवशीच्या दसऱ्याची झेंडूची तोरणं होती, अजून पुरती सुकलेलीही नव्हती. आमच्या दारात मात्र आकाशकंदील लटकत होता, कारण आमची दिवाळी दहा दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. फडताळातल्या डब्यात तळाशी चार चकल्या उरल्या होत्या.

मी तेव्हा दहावीत होते. आजीचं बरं नाही म्हणून आम्ही पुण्याहून रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी आलो होतो. दिवसकार्याला आलेल्या गुरुजींनी वहीत तिथी लिहायला घेतली तेव्हा बाबा म्हणाले, "आश्विन शुद्ध एकादशी." आबा, म्हणजे माझे आजोबा, भिंतीला टेकून बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "कार्तिक."

"आबा, परवा तर दसरा झाला."

"त्यांचा झाला. आपली काल कार्तिकी एकादशी होती. कार्तिकीला गेली ती." ("काल" म्हणजे आजी गेली तो दिवस. त्या दिवसांत आबांचे काल-परवा सगळे एकमेकांत मिसळले होते.)

गुरुजींनी दोघांकडे पाहिलं आणि महिन्याची जागा कोरी ठेवून नुसती 'शुद्ध ११' लिहिली. आज मला वाटतं, त्या खोलीत सगळ्यांत शास्त्रशुद्ध वागले असतील तर ते गुरुजी. का, ते पुढे येईलच.

आमचं घर टिळक पंचांगाचं. कोकणात आणि पुण्यात अशी घरं थोडी का होईना, अजून आहेत. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांना ते आधी गमतीचं वाटतं. तिळगूळ आम्ही १० जानेवारीच्या सुमारास वाटतो. तोवर बाजारात हलव्याचे दागिनेसुद्धा आलेले नसतात. एरवी वर्ष सगळ्यांच्या बरोबरीनं चालतं, पण अधिक महिना जवळ आला की गाडी रूळ बदलते. २०१२ साली सगळ्या महाराष्ट्राचे गणपती १९ सप्टेंबरला बसले, आमचा त्याआधी महिनाभर, ऑगस्टमध्ये. आबांनी पाट नेऊन देताना गणपतीच्या कारखान्यात बजावून ठेवलं होतं, तरी मूर्ती आणायला गेलो तेव्हा आजूबाजूचे सगळे गणपती पांढरेफटक, बिनडोळ्यांचे, आणि मधे आमचा एकटा रंगवलेला. शाळेला अर्थातच सुट्टी नव्हती. 'गणपती आहे' असा अर्ज दिला, तर वर्गशिक्षिकांना ती थाप वाटली.

गंमत संपली ती त्या कोऱ्या जागेशी. वर्षश्राद्ध कधी करायचं? आश्विनात की कार्तिकात? दोन्हींत बरोबर एका महिन्याचं अंतर. पहिल्या वर्षी आबांच्या मनाप्रमाणे कार्तिकात, गावी झालं. त्यानंतर बाबा पुण्यात सोलापूरच्या दाते पंचांगाप्रमाणे आश्विनात करू लागले आणि आबा गावी कार्तिकात. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. आश्विनातल्या त्या दिवशी फोन झालाच तर तो पाऊसपाण्याबद्दल व्हायचा.

आबा २०२१ च्या पावसाळ्यात गेले. त्या वर्षी बाबांनी पहिल्यांदा मला विचारलं, "तू कॉम्प्युटरवर काढून बघ ना, खरी तिथी कुठली ते." श्राद्ध करायचा अधिकार मुलीला नाही म्हणतात, तारीख काढायचं काम मात्र असं माझ्याकडे आलं.

मला वाटलं होतं, शनिवारच्या दुपारचं काम आहे. सूर्य-चंद्राची स्थानं काढायला 'स्विस एफेमेरिस' नावाची लायब्ररी मिळते. तिच्यामागे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची कोष्टकं आहेत. चंद्राच्या रेखांशातून सूर्याचा वजा करायचा, १२ नं भागायचं, की तिथी. त्या दुपारची वेळ घातली, एकादशी आली. इथवर वाद नव्हताच. मग महिन्याचं नाव काढायला गेले, तर लायब्ररी विचारते, अयनांश कुठला घेऊ? पर्याय चाळीसहून जास्त. त्यांत एक चित्रेचा, एक रेवतीचा. चित्रा निवडली की आश्विन, रेवती निवडली की कार्तिक. आबा आणि बाबा माझ्या कोडमधल्या एकाच ओळीत समोरासमोर उभे होते.

ही भानगड थोडक्यात सांगते. राशीचक्राला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न आहे. वर्तुळाला टोक नसतं, एक बिंदू ठरवून तिथे शून्य म्हणावं लागतं. पाश्चात्त्यांचं शून्य म्हणजे वसंतसंपात, पण तो ताऱ्यांच्या मानानं दर बहात्तर वर्षांत साधारण एक अंश मागे सरकतो. आपलं निरयन पंचांग ताऱ्यांना बांधलेलं. संपातापासून ताऱ्यांच्या शून्यापर्यंतचं अंतर म्हणजे अयनांश. आता हे शून्य कुठल्या ताऱ्यापाशी? एक परंपरा सांगते रेवतीच्या योगताऱ्यापाशी. दुसरी सांगते, चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर येईल असं. दोन्ही एकच निघायला हवेत, पण आकाशात ते दोन तारे नेमके समोरासमोर नाहीत. सुमारे चार अंशांचा फरक पडतो.

चार अंश म्हणजे सूर्याचे चार दिवस. म्हणून आमची संक्रांत चार दिवस आधी. आणि ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, हा नियम असल्यामुळे चार दिवसांनी अधिक महिनाच दुसरीकडे जातो. २०१२ साली १६ सप्टेंबरला सकाळी अमावास्या संपली आणि चित्रापक्षाचा सूर्य त्यानंतर काही तासांनी कन्येत गेला. हुकलाच! त्यामुळे तो महिना अधिक भाद्रपद. रेवतीपक्षाचा सूर्य चार दिवस आधीच कन्येत पोचला होता, त्यामुळे तोच महिना त्यांचा खरा भाद्रपद. तिथून पुढे सगळे सण एकेक महिना आधी. तिथी काढताना मात्र चंद्रातून सूर्य वजा होतो आणि वजाबाकीत अयनांश उडून जातो. म्हणून एकादशीवर दोघांचं एकमत, महिन्यावर भांडण. गुरुजींनी जेवढं आकाशात होतं तेवढंच लिहिलं होतं.

पण हा चार अंशांचा फरक आमच्या घरापर्यंत आला कसा? कोड बाजूला ठेवून मी वाचायला लागले.

आपल्याकडचं जुनं पंचांग ज्या ग्रंथावर चाले तो 'ग्रहलाघव'. गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये लिहिलेला. हे कोकणातल्या नांदगावचे, जंजिऱ्याजवळचं समुद्रकाठचं गाव. वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेणारे. गणेश दैवज्ञांनी दोन गोष्टी केल्या ज्यांनी माझ्यासारखीला उठून नमस्कार करावासा वाटतो. त्यांनी ज्या, म्हणजे साइन, गणितातून पूर्ण काढून टाकली आणि साध्या गुणाकार-भागाकारावर सगळं बसवलं. आणि कल्पारंभापासूनचे प्रचंड दिवस मोजत बसण्याऐवजी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरलं, म्हणजे आकडे कायम लहान राहतात. गावातला भिक्षुक पाटीवर करू शकेल असं गणित. शिवाय कुठल्या एका सिद्धान्ताला चिकटून न राहता, ज्या ग्रहासाठी ज्या ग्रंथाचं गणित वेधाशी जुळलं ते त्यांनी घेतलं. म्हणजे 'आकाशाशी जुळवून घ्या' ही काही इंग्रजांबरोबर आलेली कल्पना नव्हती.

तीनशे वर्षांत हे गणित मागे पडत गेलं. लहान चूक साचत जाते. दरम्यान छापखाना आला. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असेल म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला हात लावायला बिचकत, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली, अशी हकिकत मुद्रणाच्या इतिहासात सांगतात. पंचांगाचं ॲप उघडताना मला ती तुपाची शाई नेहमी आठवते. यंत्र देवघरात न्यायचं तर त्यात काहीतरी तूप घालावं लागतं, आणि ते कुणाला तरी सुचावं लागतं.

मग आले केरो लक्ष्मण छत्रे. तरुणपणीच ते कुलाबा वेधशाळेत ऑर्लिबार साहेबांच्या हाताखाली कामाला लागले, पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. १८६० मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक मराठीत आणलं, युरोपातल्या नव्या गणितावर बेतलेलं. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्यानं त्यांचं पंचांग निघू लागलं, म्हणून त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत. नव्या पद्धतीची ही मंडळी गणित पडताळायची ती इंग्रजांच्या 'नॉटिकल अल्मनॅक'वर. हा ग्रंथ मुळात खलाशांसाठी. भर समुद्रात आपण किती पूर्वेला किती पश्चिमेला हे चंद्रावरून कळावं म्हणून १७६७ सालापासून इंग्लंडात छापला जाई. ज्या कोष्टकांवर गलबतं हाकली जात, त्यांवर पुण्यात संकष्टीचा चंद्रोदय बसू लागला.

विरोध झाला. विरोधकांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि पहिल्यांदा वाचताना मीही तसंच म्हणाले होते. त्यांचं म्हणणं असं होतं की ग्रहण डोळ्यांना दिसतं, ते हवं तर नव्या गणितानं काढा. पण तिथी डोळ्यांना दिसत नाही, ती व्रतासाठी आहे, आणि व्रताचं फळही न दिसणारं. तेव्हा ज्या शास्त्रानं व्रत सांगितलं त्याच शास्त्राचं गणित हवं. जुन्या गणितात तिथी फार तर पाच घटकांनी वाढे आणि सहा घटकांनी घटे, म्हणजे ५४ ते ६५ घटकांच्या आत राही. श्राद्ध-उपासाचे बारीकसारीक निर्णय त्या मापाला धरून लिहिलेले. चंद्राच्या प्रत्यक्ष चालीनं तिथी पन्नासेक घटकांपासून सहासष्ट घटकांच्या पुढेही जाते. इनपुटची हद्द बदलली की जुने नियम कुठे कुठे मोडतील, ही रास्त शंका होती. आम्ही ऑफिसात अशी शंका काढणाऱ्याला शहाणा म्हणतो.

छत्र्यांनी शून्य धरलं रेवतीपाशी. पाश्चात्त्य नकाशात ज्याला मीन राशीतला झीटा म्हणतात तो तारा. हा फार अंधूक आहे. पुण्यातून मी शोधायचा प्रयत्न केला, दिसणं शक्यच नाही. गावी अमावास्येच्या रात्री कदाचित. जुन्या ग्रंथांतला आधार त्यांना तिकडे घेऊन गेला. डेक्कन कॉलेजात छत्र्यांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी होता बाळ गंगाधर टिळक. याच संपाताच्या चालीवरून वेदांचा काळ काढणारा 'ओरायन' त्यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पंचांगाच्या बाबतीत गुरूंची रेवती त्यांनी सोडली नाही. १९०४ साली मुंबईत ज्योतिष परिषद भरली, पुढे सांगलीलाही भरली. त्यांतून जे उभं राहिलं ते टिळक पंचांग. स्वराज्याच्या धामधुमीत हा माणूस अधिक महिन्याचा हिशेब करत बसला होता.

बाबांच्या बाजूला उभे आहेत व्यंकटेश बापूजी केतकर. बागलकोटला शाळामास्तर. पाश्चात्त्य कोष्टकांच्या तोडीचं गणित त्यांनी संस्कृतात 'ज्योतिर्गणितम्' या ग्रंथात उतरवलं आणि शून्यासाठी चित्रेची बाजू घेतली. चित्रा ठळक तारा, शहरातूनही दिसतो, वेध घ्यायला सोपा. हेच केतकर १९११ मध्ये फ्रेंच ज्योतिष संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असं गणित मांडतात आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं सुचवतात. प्लूटो सापडला १९३० साली, त्याच वर्षी केतकर वारले.

आणि एक तिसरी बाजूही होती, जिच्याकडे आमच्या घरात कुणीच गेलं नाही. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'चा तो प्रचंड इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध करणारे, यांचं म्हणणं, तारा धरूच नका, संपातच धरा, नाहीतर सण हळूहळू ऋतूंपासून सुटत जातील. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी सायन पंचांग काढलंही. तर्काला ते सर्वांत स्वच्छ, आणि लोकांनी सर्वांत कमी घेतलं. संक्रांत डिसेंबरात आणायला कोण तयार होणार? मला दीक्षित तिघांत सगळ्यांत जवळचे वाटतात, पण त्यांच्या पंचांगानं तिळगूळ वाटायची माझीही तयारी नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं हे निस्तरायचं ठरवलं. नोव्हेंबर १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. देशात तीसेक पंचांगं चालू होती. समितीत आपले लोक होते: नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर. करंदीकर 'केसरी'चे संपादक राहिलेले! १९५५ च्या अहवालात २१ मार्च १९५६ या दिवसासाठी अयनांश धरला २३ अंश १५ कला, म्हणजे चित्रेच्या बाजूचा. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, जिची तारीख आकाशवाणीवर ऐकून आपण विसरतो. धार्मिक पंचांगांत मात्र चित्रापक्ष बहुतेक ठिकाणी रुजला. १९७३ साली जयंतराव साळगावकरांचं 'कालनिर्णय' आलं, पंचांग सोवळ्यातून निघून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर गेलं, दुधाचा हिशेबही त्याच चौकोनात लिहिला जाऊ लागला. आमच्या पुण्याच्या घरी आई त्यावरच चतुर्थी बघते.

तर बाबांच्या प्रश्नाला, 'खरी तिथी कुठली', माझ्याकडे उत्तर नव्हतं. चंद्र कुठे होता ते मी सेकंदापर्यंत सांगू शकत होते. शून्य कुठे होतं ते आकाशात लिहिलेलं नाही. ते गणेश दैवज्ञांपासून करंदीकरांपर्यंत माणसांनी बसून, भांडून, ठरवलेलं आहे, आणि आमच्या घरात ते दोन माणसांनी दोन जागी ठरवलं होतं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडे नाराज झाले. त्यांना वाटत होतं यंत्र निकाल देईल, म्हणजे आबांना चूक म्हणावं लागणार नाही आणि स्वतःलाही.

मग मी दुसरं काम केलं. प्रोग्राम २०१३ पासून पुढे सगळ्या वर्षांसाठी चालवला, दोन्ही अयनांशांनी, शेजारी शेजारी. बहुतेक ओळींत महिन्याचं अंतर. पण ज्या वर्षी अधिक महिना दोन पंचांगांत वेगवेगळ्या ठिकाणी येऊन २०१२ सारखा घोळ होतो, त्या वर्षी आमचा कार्तिक आणि लोकांचा आश्विन एकच असतो. त्या वर्षी दोन्ही श्राद्धं एकाच दिवशी पडतात. २०२३ साली तसं येत होतं, आणि तारीख पुन्हा २५ ऑक्टोबर. बाबांनी त्या वर्षी ते गावी केलं. गुरुजींनी संकल्पात कुठला महिना म्हटला ते मी कान देऊन ऐकलं नाही.

यादीत आणखी एक ओळ अशीच होती: २७ ऑक्टोबर २०२०. करोनाचं वर्ष. आम्ही पुण्यात अडकलेले, आबा गावी एकटे.

२०२३ च्या त्या मुक्कामात मी फडताळातली आबांची पंचांगं खाली काढली. ते प्रत्येक वर्षाचं ठेवत, पुठ्ठ्याचं कव्हर घालून, आणि पेन्सिलीनं बारीक अक्षरात टिपून ठेवत. नारळ किती उतरले, विहिरीला पाणी कुठवर आहे, गाय कधी व्याली. दर वर्षी आश्विन शुद्ध एकादशीच्या ओळीपुढे दोन शब्द होते: 'पुण्यास श्राद्ध'. कार्तिकातल्या एकादशीपुढे: 'तिचे श्राद्ध'. २०१४ पासून, एकही वर्ष चुकलं नव्हतं.

शके १९४२ चं उघडलं. कार्तिक शुद्ध ११, मंगळवार. 'तिचे श्राद्ध', आणि पुढे, 'पुण्यासही आजच'.

मी ते पान बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पंचांग मिटलं आणि पुढच्या वर्षीच्या दोन्ही तारखा सांग म्हणाले.